डिक्टेशनची फाइल उघडत नाही, परत पाठवूनही उघडत नाही: नेमकं काय तपासायचं

‘फाइल उघडत नाही, परत पाठवा.’ डिक्टेशन ऐकून टाइप करणाऱ्यांच्या तोंडात हे वाक्य बसलेलं असतं. समोरचा बिचारा तीच फाइल परत पाठवतो. ती उघडत नाही. मग तो झिप करून पाठवतो, मग पेन ड्राइव्हवर देतो, मग कुणीतरी सांगितलं म्हणून नावाचं शेपूट, म्हणजे डॉटनंतरची अक्षरं, बदलून एमपी३ करतो. संध्याकाळपर्यंत एकाच डिक्टेशनच्या पाच प्रती जमतात आणि पाचही मुक्या. गंमत अशी, की बहुतेक वेळा पाचही धडधाकट असतात.

मीही हेच करायचे. एका डॉक्टरांनी नवा रेकॉर्डर घेतला आणि त्यांच्या फाइली माझ्याकडे उघडेनात. तीन दिवस मी त्यांना फाइल परत परत पाठवायला लावली. चौथ्या दिवशी ते वैतागून म्हणाले, ‘अहो ताई, रेकॉर्डरवर मला माझा आवाज स्वच्छ ऐकू येतोय.’ तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. रेकॉर्डरवर वाजते म्हणजे फाइल ठीक आहे. माझ्या कंप्युटरला ती वाचता येत नाही, एवढाच मामला.

हा प्रश्न पुन्हा पुन्हा उगवतो त्याचं कारण म्हणजे आपण दर वेळी हातातली एक फाइल कशीबशी उघडतो आणि जिथून ती येते त्या रेकॉर्डरच्या सेटिंगला हात लावत नाही. म्हणून खाली आधी फाइल ओळखायची कशी ते सांगते, मग ती उघडायची कशी, आणि शेवटी रेकॉर्डरचं.

अडतं कुठे

एमपी३ किंवा एएसी हे प्रकार कुठल्याही आवाजासाठी आहेत. तबला असो की पाऊस, जे कानाला जाणवणार नाही ते काढून टाकायचं, हे त्यांचं तंत्र. डिक्टेशनसाठी बनवलेले कोडेक, म्हणजे आवाज दाबून साठवण्याच्या आणि परत उलगडण्याच्या पद्धती, वेगळ्या वाटेनं जातात. ते गृहीत धरतात की समोर माणूस बोलतोय. फुप्फुसातून आलेली हवा, स्वरतंतूंची कंपनं, तोंडाच्या पोकळीचा आकार, या सगळ्याचं एक गणिती मॉडेल त्यांच्यात असतं आणि फाइलमध्ये आवाजाऐवजी त्या मॉडेलला द्यायच्या सूचना साठवलेल्या असतात. शिजवलेला पदार्थ न पाठवता कृती लिहून पाठवावी तसं. कृतीचा कागद छोटा असतो, म्हणून फाइल इवलीशी. पण ती कृती वाचता येणारा आचारी पलीकडे नसेल तर कागदाचा उपयोग शून्य. हा आचारी म्हणजे डिकोडर.

आणि म्हणूनच शेपूट बदलून काही होत नाही. कागदावर वरती दुसरं नाव लिहिलं म्हणून आतली लिपी बदलत नाही. याला एक-दोन अपवाद आहेत, ते पुढे येतील.

हातात फाइल आली की

सगळ्यात आधी प्रत काढा आणि मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ‘रीड ओन्ली’ करून ठेवा. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. काही डिक्टेशन सॉफ्टवेअर फाइल उघडली की तिच्याच मथळ्यात, म्हणजे सुरुवातीच्या माहितीच्या भागात, ‘ऐकून झाली’, ‘टाइप झाली’ अशा खुणा लिहितात. एका सॉफ्टवेअरनं अशी खूण करताना मध्येच मान टाकली आणि माझ्याकडे दुसरी प्रत नव्हती. तेव्हापासून ही सवय.

विंडोजमध्ये हे शेपूट, म्हणजे एक्सटेन्शन, बहुधा लपवलेलं असतं. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘फाइल नेम एक्सटेन्शन्स’ला टिक करा, विंडोज ११ मध्ये ते ‘व्ह्यू’मधल्या ‘शो’च्या आत आहे. हे केलं की कळतं, ‘एमपी३’ वाटणाऱ्या फाइलचं पूर्ण नाव एमपी३ डॉट डीएसएस आहे (डीएसएस हा डिक्टेशनचाच खास प्रकार, त्याचं सविस्तर पुढे). कुणीतरी नाव बदलताना पुढचं शेपूट लावलं, मागचं तसंच राहिलं.

मग वजन बघा. डिक्टेशन किती मिनिटांचं आहे ते बोलणाऱ्याला विचारा आणि फाइलच्या आकाराशी ताडा. डीएसएसच्या नेहमीच्या एसपी मोडमध्ये सेकंदाला सुमारे १३.७ किलोबिट लागतात, म्हणजे मिनिटाला साधारण १०० केबी आणि तासाला ६ एमबी. फोनवरच्या एएमआरमध्ये सगळ्यात वरच्या दर्जाला सेकंदाला ५० चौकटी, म्हणजे आवाजाचे तुकडे, प्रत्येक चौकट ३२ बाइटची. मिनिटाला ९६,००० बाइट. याउलट सीडीच्या दर्जाचं स्टिरिओ डब्ल्यूएव्ही मिनिटाला १० एमबीच्या वर खातं. त्यामुळे वीस मिनिटांच्या डिक्टेशनची फाइल २ एमबीची असेल तर ‘एवढीशी कशी, अर्धीच आली वाटतं’ असं म्हणून ती परत पाठवू नका. ती पूर्ण आहे.

मात्र डीएसएस फाइल अगदी १ किंवा १.५ केबीची असेल तर खरंच आत आवाज नाही. डीएसएसचा मथळा ५१२ बाइटच्या ठोकळ्यांत मोजतात. तो दोन ठोकळ्यांचा म्हणजे १,०२४ बाइटचा, किंवा तीन ठोकळ्यांचा म्हणजे १,५३६ बाइटचा असतो. एवढंच वजन असेल तर फक्त पाकीट आलं, पत्र नाही. शून्य बाइट असेल तर कॉपी होतानाच गडबड झाली. आणि ऑनलाइन साठवणीच्या फोल्डरमधली फाइल असेल तर ती खरोखर तुमच्या डिस्कवर उतरली आहे का ते बघा. हे फोल्डर पुष्कळदा फाइलचं नाव आणि आकार दाखवतात, पण आतला मजकूर अजून ढगातच असतो. जुन्या डिक्टेशन सॉफ्टवेअरला हा प्रकार कळत नाही आणि ते सरळ ‘फाइल खराब’ म्हणून मोकळं होतं.

पहिले काही बाइट

ही एक गोष्ट शिकून घेतली तर निम्मे फोन वाचतात. प्रत्येक फाइल सुरुवातीच्या काही बाइटमध्ये आपलं खरं कूळ सांगते. ते बघायला साधा हेक्स व्ह्यूअर, म्हणजे फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणारं साधन, पुरतो. मॅक आणि लिनक्सवर टर्मिनलमध्ये ‘फाइल’ नावाचा आदेश आहे, तो देऊन पुढे फाइलचं नाव टाकलं की बऱ्याच प्रकारांची ओळख तोच सांगतो. नोटपॅडमध्येही उघडून बघता येतं, पण प्रतच उघडा आणि चुकूनही सेव्ह करू नका. नोटपॅड ती मजकूर समजून लिहितो आणि मग मात्र फाइल खरोखर मरते.

पहिल्या बाइटची किंमत २ किंवा ३ आणि त्याच्या पाठोपाठ डी, एस, एस ही अक्षरं दिसली तर डीएसएस. तो पहिला आकडा म्हणजे मथळा किती ठोकळ्यांचा आहे तेच. डी, एस आणि २ दिसलं तर डीएस२. ‘एमएस अंडरस्कोर व्हॉइस’ अशी अक्षरं असतील तर सोनीच्या जुन्या रेकॉर्डरची डीव्हीएफ किंवा एमएसव्ही. रिफ आणि थोडं पुढे वेव्ह म्हणजे डब्ल्यूएव्ही. हॅश, उद्गारचिन्ह आणि एएमआर म्हणजे एएमआर. ‘ऑग’च्या तीन अक्षरांनंतर मोठा एस म्हणजे ऑग, ज्याच्या पोटात ऑपस किंवा स्पीक्स असू शकतं. पाचव्या बाइटपासून एफ, टी, वाय, पी म्हणजे एमपी४ कुटुंब, त्यात फोनची एम४ए आणि ३जीपी दोन्ही आली. पी आणि के म्हणजे झिप. कुणीतरी झिपचं शेपूट बदललंय, उघडून आत बघा. आणि सुरुवातीलाच ‘एचटीएमएल’ वाचता आलं तर हसून घ्या. तुम्ही ऑडिओ उतरवलाच नाही, लॉगिनचं पान उतरवलंय. लिंक पुन्हा उघडा, आधी लॉगिन करा, मग डाउनलोड.

डीएसएसच्या मथळ्यात एक उपयोगाची गोष्ट आणखी असते: बोलणाऱ्याचं नाव किंवा आयडी, रेकॉर्डिंगची तारीख-वेळ, आणि शेरा. फाइलचं नाव कुणी बदललं असलं तरी खरी तारीख आत शाबूत असते. दोन डिक्टेशनांची अदलाबदल झाल्याचा संशय आला की मी तिथेच बघते.

डीएसएस आणि डीएस२

डीएसएस म्हणजे डिजिटल स्पीच स्टँडर्ड. नव्वदच्या दशकात ग्रुंडिग, ऑलिंपस आणि फिलिप्स यांनी ते पुढे आणलं. त्यात दोन मोड नेहमी भेटतात. एसपी, ज्याचा उल्लेख वर आला, आणि एलपी, म्हणजे जास्त वेळ मावेल असा. एलपीच्या आत टेलिफोनच्या दुनियेतला जी.७२३.१ हा कोडेक असतो, सेकंदाला ८,००० नमुन्यांचा, म्हणजे आवाज सेकंदाला तितक्या वेळा मोजणारा. हा फरक महत्त्वाचा, कारण काही सॉफ्टवेअर एसपी वाजवतात आणि एलपीवर गप्प होतात. एकाच माणसाच्या, एकाच रेकॉर्डरच्या, एकाच दिवसाच्या दोन फाइलींपैकी एक वाजते आणि दुसरी नाही, असं झालं तर आधी मोडवर संशय घ्या. खिशात रेकॉर्डरचं बटण दाबलं जाऊन मोड बदलणं ही रोजची गोष्ट आहे.

मोफत साधनांपैकी एफएफएमपेगला, म्हणजे फाइल एका प्रकारातून दुसऱ्यात बदलणाऱ्या साधनाला, डीएसएसचे हे दोन्ही मोड वाचता येतात. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरला एफएफएमपेगची लायब्ररी जोडली तर ऑडॅसिटीतूनही मार्ग निघतो. लायब्ररी न जोडता ‘ऑडॅसिटी डीएसएस उघडत नाही’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. एफएफएमपेगचा काळा पडदा बघून घाबरू नका. त्याला तीन-चार गोष्टीच सांगायच्या असतात: मूळ फाइल कुठली, चॅनल एक, नमुने सेकंदाला १६,०००, आणि बाहेर येणाऱ्या फाइलचं नाव डब्ल्यूएव्हीनं संपणारं. काम झालं की तो शेवटी लांबी दाखवतो. ती बोलणाऱ्यानं सांगितलेल्या मिनिटांशी जुळते का एवढं बघा. जुळली नाही तर ती प्रत वापरू नका.

डीएस२ हा पुढचा, व्यावसायिक प्रकार, आणि खरा घोळ इथे आहे. त्यात क्यूपी नावाचा चांगल्या दर्जाचा मोड असतो, सेकंदाला १६,००० नमुने आणि सुमारे २८ किलोबिट. डीएसएस वाजवणारं जुनं सॉफ्टवेअर डीएस२ वाजवेलच असं नाही, आणि नेहमीचे मोफत प्लेअर इथे हात वर करतात. इथे पैसे किंवा वेळ यांपैकी एक खर्चावंच लागतं: रेकॉर्डरच्या कंपनीचं सॉफ्टवेअर (ऑलिंपसचं ओडीएमएस, फिलिप्सचं स्पीचएक्झेक), किंवा टायपिस्टांमध्ये चालणारं एक्सप्रेस स्क्राइबसारखं साधन, तेही डीएस२ चालतं असं स्पष्ट लिहिलेल्या आवृत्तीत. ऑलिंपसचं डाउनलोड शोधताना एक ध्यानात ठेवा. २०२१च्या सुरुवातीला ऑलिंपसचा कॅमेरा आणि ऑडिओचा धंदा ओएम डिजिटल सोल्युशन्सकडे गेला, त्यामुळे जुन्या नावानं शोधून सापडलं नाही तर ओएम सिस्टिम या नावानं शोधा. कुठल्यातरी अनोळखी साइटवरचं ‘मोफत डीएस२ प्लेअर’ मात्र घेऊ नका.

डीएस२चा दुसरा पैलू म्हणजे कुलूप. या फाइली १२८ किंवा २५६ बिटांच्या एईएसनं, म्हणजे मजकूर सांकेतिक करण्याच्या पद्धतीनं, बंद करता येतात. कुलूपबंद फाइल उघडताना चांगलं सॉफ्टवेअर पासवर्ड विचारतं, साधं सॉफ्टवेअर ‘फाइल ओळखता येत नाही’ म्हणतं, आणि आपण पुन्हा ‘परत पाठवा’च्या चक्रात. अडचण अशी, की बोलणाऱ्यालाच पुष्कळदा कुलूप लागल्याचं माहीत नसतं. रेकॉर्डर पहिल्यांदा कंप्युटरला जोडून सेट करणाऱ्यानं, म्हणजे बहुतेक ऑफिसच्या आयटीवाल्यानं, ते लावलेलं असतं. म्हणून ‘पासवर्ड काय आहे?’ असं डॉक्टरांना किंवा वकिलांना विचारून उत्तर मिळत नाही; ‘रेकॉर्डर सेट कुणी करून दिला?’ असं विचारा. पासवर्ड हरवला असेल तर पर्याय नाही. कुलूप तोडून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

सोनीच्या जुन्या फाइली

डीव्हीएफ आणि एमएसव्ही. आत बहुतेक वेळा सोनीचा स्वतःचा एलपीईसी नावाचा कोडेक असतो. या फाइली आजकाल नव्यानं तयार होत नाहीत, त्या कपाटातून बाहेर येतात: जुनी साक्ष, जुन्या मुलाखती, कुणाच्या तरी आजोबांचा आवाज. त्यासाठी सोनीचं डिजिटल व्हॉइस एडिटर किंवा त्यानंतर आलेलं साउंड ऑर्गनायझर लागतं. डिजिटल व्हॉइस एडिटर जुन्या विंडोजसाठी आहे. नव्या कंप्युटरवर तो बसला नाही तर रजिस्ट्रीत खुडबूड करत बसण्यापेक्षा कोपऱ्यात पडलेला जुना लॅपटॉप काढा, किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कंप्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कंप्युटरमध्ये, जुनी विंडोज टाका. एकदा चालू झालं की एकेक फाइल न बघता सगळा साठा एकदम डब्ल्यूएव्हीत काढून घ्या. पुढच्या वेळी तो लॅपटॉप सुरू होईलच याचा भरवसा नाही.

डब्ल्यूएव्ही आहे, तरी वाजत नाही

यावर लोकांचा विश्वासच बसत नाही. डब्ल्यूएव्ही हा डबा आहे. आत काय भरलंय ते डब्यावरच्या एका आकड्यावरून कळतं. आत साधा, न दाबलेला पीसीएम असेल तर कुठेही वाजतं. पण त्याच डब्यात जीएसएम ६.१०, ट्रूस्पीच, आयएमए एडीपीसीएम, ए-लॉ, म्यू-लॉ, अगदी एमपी३सुद्धा भरता येतं. ट्रूस्पीच तर एके काळी विंडोजबरोबरच यायचं, म्हणून त्या काळच्या फाइली तेव्हा बिनबोभाट वाजायच्या आणि आता वाजत नाहीत. मीडियाइन्फो नावाचं छोटं मोफत साधन आतला कोडेक सांगतं. तो कळला की एफएफएमपेगमधून पीसीएममध्ये काढा, विषय संपला.

दुसरी तऱ्हा: फाइल ४० एमबीची आहे, पण प्लेअर लांबी शून्य सेकंद दाखवतो. रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी गेली. डब्ल्यूएव्हीच्या मथळ्यात आवाजाची लांबी शेवटी लिहिली जाते, ती लिहायची राहून गेली. आवाज आत जसाच्या तसा आहे. ऑडॅसिटीत ‘इंपोर्ट’मधून ‘रॉ डेटा’ निवडा: १६ बिट, साइन्ड, लिटल एंडियन, चॅनल एक, आणि नमुन्यांचा वेग अंदाजानं. सुरुवातीला एक ‘टक्’ ऐकू येईल, तो मथळा आहे, कापून टाका. आवाज लहान पोरासारखा चिरका आला तर वेग कमी करा, दारू प्यायल्यासारखा जड आला तर वाढवा. आणि नुसतीच खरखर आली तर आत पीसीएम नाही, दुसरा कोडेक आहे.

फोन यंत्रणांतून येणारी व्हीओएक्स फाइल याच जातीची, फक्त तिला मथळा मुळातच नसतो. आत चार बिटांचा एडीपीसीएम, सेकंदाला ६,००० किंवा ८,००० नमुने. कुठला वेग ते फाइल सांगत नाही, तुमच्या कानानं ठरवायचं. ६,०००ची फाइल ८,०००वर वाजवली की आवाज एक-तृतीयांश जास्त वेगानं धावतो. एकदा ऐकलं की विसरत नाही. ऑडॅसिटीच्या त्याच रॉ डेटाच्या यादीत व्हीओएक्स एडीपीसीएम हा पर्याय आहे.

फोनवरचं डिक्टेशन

एएमआर आणि ऑपस दोन्ही मोफत प्लेअरमध्ये वाजतात, अडतं ते डिक्टेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये. डब्ल्यूएव्ही करून घेतलं की झालं. मघाशी म्हटलेला अपवाद इथला: ऑपसची फाइल मुळात ऑगच्या डब्यातच असते, त्यामुळे शेपूट ऑपसचं काढून ऑगचं लावलं की काही सॉफ्टवेअर ती निमूट उघडतात. तसंच एम४ए आणि एमपी४चं, डबा एकच. यश आलं ते नाव बदलल्यामुळे नव्हे, सॉफ्टवेअरला डिकोडर येत होता आणि ते फक्त नाव बघून दार लावून बसलं होतं म्हणून. यावरून स्फूर्ती घेऊन डीएसएसचं एमपी३ करायला जाऊ नका.

एम४एचा मात्र एक दुखरा प्रकार आहे. या डब्यात कुठला तुकडा कुठे आहे याची अनुक्रमणिका असते, तिला ‘मूव्ह’ म्हणतात, आणि रेकॉर्डिंग ॲप ती बहुधा शेवटी लिहितं. ॲप मध्येच बंद पडलं, फोन गेला, तर आवाज आहे पण अनुक्रमणिका नाही, आणि एफएफएमपेगसुद्धा ‘मूव्ह सापडत नाही’ म्हणून परत फिरतो. आधी तेच ॲप त्याच फोनवर पुन्हा उघडा. काही ॲप अर्धवट रेकॉर्डिंग स्वतःहून सावरतात. नाहीच झालं तर ‘अनट्रंक’ नावाचं साधन आहे. त्याला त्याच फोनवर, त्याच ॲपमध्ये, त्याच सेटिंगनं केलेलं एक धड रेकॉर्डिंग नमुना म्हणून द्यावं लागतं. त्यावरून ते तुटक्या फाइलची अनुक्रमणिका रचतं. म्हणून फाइल गेल्याचं कळताच फोनची सेटिंग बदलू नका, आधी दोन मिनिटं काहीतरी बोलून नमुना करून ठेवा.

कशात बदलायचं

काम करायची प्रत डब्ल्यूएव्ही, पीसीएम, १६ बिट, एक चॅनल. नमुने १६,००० पुरे. वीस मिनिटं म्हणजे ३८ एमबीच्या आसपास. मेलला जड, पण कामाला निर्धोक. एमपी३ करायचा मोह होतो, कारण ती छोटी. पण दाबलेली फाइल पुन्हा दाबली की पहिल्यानं गाळलेलं परत येत नाही आणि दुसरा आपलं काहीतरी गाळतो. माणसाच्या कानाला ते चालून जातं, आवाज ओळखून मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरला नाही.

सेकंदाला ८,००० नमुन्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये ४,००० हर्ट्झच्या वरचं काहीच टिकत नाही. स, श, फ यांची ओळख पटवणारी सळसळ बरीचशी त्याच्या वर असते. शिवाय सात की साठ, या प्रश्नावर मी आयुष्यातले किती तास घालवले असतील देव जाणे. औषधाच्या मात्रेत हा फरक चेष्टेचा नाही. अशा वेळी लोक फाइल ४४,१००वर चढवतात आणि ‘आता दर्जा वाढला’ म्हणतात. वाढत नाही, रिकामी जागा वाढते. नॉइज रिडक्शनही आधी लावू नका. या कोडेकमधून गेलेला पंख्याचा आवाज पंख्याचा राहिलेलाच नसतो, बोलण्यात मिसळून त्याचा गुरगुराट होतो, आणि फिल्टर त्याच्याबरोबर व्यंजनंही खरवडून काढतो. संशय असलेला शब्द मूळ फाइलमध्ये, हेडफोन लावून, सत्तर टक्के वेगानं ऐका. स्वर न बदलता वेग कमी करण्याची सोय असेल तीच वापरा. तरी कळलं नाही तर जागा मोकळी सोडून वेळेची खूण करा आणि बोलणाऱ्याला विचारा.

ऑनलाइन कन्व्हर्टरबद्दल एकच: रुग्णाचं नाव, पक्षकाराचं म्हणणं, कुणाच्या पगाराची चर्चा, हे सगळं त्या फाइलमध्ये आहे. ते अनोळखी सर्व्हरवर चढवायचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही.

टाइप करताना आवाज थांबवायचं-चालू करायचं पायाचं पेडल चालत नसेल तर त्याचा दोष फाइलवर टाकू नका. एकाच वेळी दोन डिक्टेशन सॉफ्टवेअर उघडी असतील तर पेडल एकाच्याच ताब्यात जातं. दुसरं बंद करा.

पुन्हा होऊ नये म्हणून

सगळा खटाटोप टाळायचा तर रेकॉर्डरच्या मेनूत जावं लागतं. नियमित बोलणाऱ्या प्रत्येकासाठी मी वहीत एक पान ठेवते: रेकॉर्डर कुठला, फॉरमॅट कुठला, मोड कुठला, कुलूप आहे की नाही, असेल तर पासवर्ड कुणाकडे. पासवर्ड स्वतः लिहीत नाही. नवा माणूस आला की आधी अर्ध्या मिनिटाची चाचणी फाइल मागवते आणि ती माझ्याकडे वाजली तरच काम सुरू.

फाइलींच्या नावांवरही नजर हवी. कार्ड फॉरमॅट केलं की पुष्कळ रेकॉर्डर पुन्हा ०००१पासून मोजायला लागतात. मग आजची ०००१ मागच्या महिन्याच्या ०००१वर जाऊन बसते आणि कंप्युटर ‘रिप्लेस करू का?’ विचारतो तेव्हा घाईत आपण ‘हो’ म्हणतो. माझी अशी एक फाइल गेली आहे. आता उतरवून घेतानाच तारखेचं फोल्डर करते.

आणि त्या डॉक्टरांचं काय झालं? त्यांचा नवा रेकॉर्डर डीएस२ क्यूपीवर लावलेला होता, माझं सॉफ्टवेअर फक्त डीएसएस ओळखत होतं. त्यांच्या मॉडेलमध्ये दोन्ही प्रकार निवडता येत होते. फोनवर मेनू वाचत वाचत त्यांनी तो डीएसएसवर आणला, दोन मिनिटांत. तीन महिन्यांनी रेकॉर्डर अडकला म्हणून कुणीतरी तो रिसेट केला आणि पुन्हा फाइली मुक्या आल्या. मी हेक्स व्ह्यूअर उघडला, डी, एस, २. फोन लावला. ‘डॉक्टर, मेनूत जा,’ म्हटलं, ‘फॉरमॅट.’ ‘परत पाठवू का?’ त्यांनी विचारलं. ‘नको,’ म्हटलं, ‘आजच्या तुमच्या सॉफ्टवेअरमधून डब्ल्यूएव्ही काढून द्या, उद्यापासून येतील त्या वाजतील.’